मालक सतरा, घर एक : शहापुरातल्या एका पडक्या घराचं प्रकरण

घर धोकादायक झालं आहे, उतरवून घ्या, अशी महापालिकेची पहिली नोटीस ज्यांच्या नावाने निघाली ते गृहस्थ १९६८ सालीच वारले होते. नोटीस दारावर डकवली, दोन पंचांच्या सह्या घेतल्या, फोटो काढला आणि काम झालं. यात पालिकेच्या माणसाला बोल लावण्यात फारसा अर्थ नाही. घरपट्टीच्या रजिस्टरात जे नाव असेल त्याच नावाने नोटीस काढावी लागते, आणि ते नाव बदलून घ्यायला पन्नास वर्षांत घरातलं कुणी कचेरीची पायरी चढलं नव्हतं.

बेळगावच्या जुन्या वस्तीत असं एखादं घर नाही अशी गल्ली विरळाच. हे घर शहापुरातलं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गल्लीचं नाव देत नाही, आणि सारख्याच वळणाच्या दोन-तीन प्रकरणांतले तपशील इथे एकत्र केले आहेत. कायद्याचा आणि कचेऱ्यांचा भाग मात्र आहे तसा ठेवला आहे.

घराचं तोंड अरुंद, आत खोल. पुढे दुकानाची खोली, मग ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि मागे परसू, परसवात आड. दोन-दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती, सागवानी खांब, वर मंगलोरी कौलं. मूळ मालकांना तीन मुलगे, दोन मुली. थोरला मुंबईला गेला, मधला पुण्याला, मुली सांगली आणि गोव्यात दिल्या. धाकटा घरात राहिला. त्याच्या माघारी त्याच्या मुलांनी बेळगावातल्याच टिळकवाडीत फ्लॅट घेतला आणि म्हाताऱ्या आईला तिकडे नेलं. त्या दिवशी घराला कुलूप लागलं. विकायचं कुणाच्या मनात नव्हतं, दुरुस्त करायचं कुणाच्या खिशात नव्हतं. पुण्याच्या एका पुतण्याचं म्हणणं, “सीमाप्रश्नाचा निकाल लागू दे, मग बघू.” महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. त्याच्या निकालाने कौलं गळायची थांबणार नव्हती, पण न करण्याला कारण लागतं आणि सीमाभागात हे कारण कायम हाताशी असतं.

पुढच्या दुकानाची गोष्ट वेगळी. तिथले भाडेकरू मूळ मालकांच्या वेळचे, भाडं महिना चाळीस रुपये. दुकान कधीच बंद पडलं, पण शटरची किल्ली भाडेकरूंच्या मुलाकडे, आणि घरपट्टीही तोच भरायचा. दरवर्षी एप्रिलमध्येच, पाच टक्के सूट पदरात पाडून. मालकांना हे फार सोयीचं वाटलं. फुकटात कर भरला जातोय, कशाला बोला! भाडेकरूच्या मुलाचा हिशेब असा की पावत्यांची चळत साठली की घर आपलंच. दोघांचेही हिशेब चुकीचे. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, आणि भाडेकरू म्हणून आत आलेल्याने उघडपणे मालकी नाकारल्याशिवाय बारा वर्षांच्या कब्ज्याचं गणित सुरूच होत नाही. पण या चुकीच्या हिशेबामुळे एक गोष्ट झाली: पालिकेच्या दप्तरी घर थकबाकीदार दिसलंच नाही. कर वेळेवर येतोय म्हणजे मालक जागेवर आहे असंच कुणीही धरणार. वर इमारत जुनी म्हणून घसारा जास्त, म्हणून कर अगदी किरकोळ. घर जितकं मोडकळीला यावं तितकं ते ठेवणं स्वस्त पडावं, अशी ही व्यवस्था आहे.

भिंत

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात पावसाने जो हाहाकार केला तो इथल्या लोकांना सांगायला नको. त्या आठवड्यात या घराची मागची पाखाडी, म्हणजे छपराची मागची उतरती बाजू, बसली आणि न्हाणीवरचं छप्पर आडात गेलं. पुराच्या भरपाईत पूर्ण पडलेल्या घराला पाच लाखांची मदत जाहीर झाली होती, पण ती तिथे राहणाऱ्याला, छप्पर गमावलेल्याला. कुलूपबंद घराचा त्यात संबंध येत नाही, आणि येऊही नये.

खरं दुखणं शेजारच्या घराचं. दोन्ही घरांची भिंत एकच. अशा गल्लीत घरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी असतात. इकडच्या तुळया आणि तिकडच्या तुळया एकाच भिंतीत घुसलेल्या. रिकाम्या घराची कौलं सरकली की पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर पडतं, आणि मातीची भिंत वरून भिजायला लागली की तिचं काही खरं नसतं. शेजारच्या आक्कांच्या देवघरामागे आधी लोणा आला, मग गिलाव्याचे पोपडे, मग गिलावाच फुगून हातभर पुढे आला. बोटाने दाबलं तर आत भुसभुशीत. भिंतीच्या मधोमध पिंपळाचं रोप, त्याचं मूळ इकडच्या बाजूला फडताळात निघालेलं. आक्कांच्या मुलाचं शिवणकामाचं दुकान त्याच खोलीत. त्याने मशीन उचलून दारात आणून ठेवलं.

पुण्याची मंडळी गणपतीला आली तेव्हा आक्कांनी त्यांना आत बोलावून चहा दिला, भिंत दाखवली आणि म्हणाल्या, “तुम्ही वर्षातनं एकदा येतासा, बघून जातासा. ही भिंत आमच्या अंगावर रोज येतीया.” मंडळींनी मान डोलावली. पुण्याला पोचल्यावर विषय संपला.

मग अर्ज. विभाग कार्यालयात, आयुक्तांकडे, पुन्हा विभाग कार्यालयात. नगरसेवकाकडे जावं तर नगरसेवकच नव्हता. जुन्या सभागृहाची मुदत २०१९ च्या मार्चमध्ये संपली, निवडणूक झाली २०२१ च्या सप्टेंबरात, आणि महापौर निवडून आले २०२३ च्या फेब्रुवारीत. गल्लीतल्या तक्रारीला एरवी जो माणूस रेटा लावतो तो नेमका या काळात नव्हता. कागदावर प्रशासकाचा कारभार चालतो. गटारीचं झाकण आणि पडकी भिंत यांच्यामागे लागायला मात्र मतांची गरज असलेला माणूस लागतो, असं माझं मत आहे.

नोटिसा निघाल्या. १९७६ च्या कर्नाटक महानगरपालिका कायद्याने आयुक्तांना अधिकार भरपूर आहेत: पडायला आलेली इमारत दुरुस्त करा किंवा पाडा असं सांगता येतं, आतल्या माणसांना बाहेर काढता येतं, मालकाने केलं नाही तर स्वतः करून खर्च वसूल करता येतो. अधिकाराची वानवा नाही. नोटीस कन्नडमध्ये, दारावर डकवलेली, मयत माणसाच्या नावे. टिळकवाडीच्या मुलांना ती गल्लीतल्या कुणीतरी फोनवर फोटो पाठवला तेव्हा कळली; पुण्या-मुंबईच्या वारसांना ती वाचता येण्याचा प्रश्नच नव्हता. भाषिक अल्पसंख्याकांच्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात हे १९५६ पासूनच्या केंद्राच्या धोरणात आहे, आणि इथे एका मराठी ओळीने काम लवकर झालं असतं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ती शुद्ध मराठीत असती तरी मयताने ती वाचली नसती. मूळ अडचण नावाची होती.

६ ऑक्टोबर २०२१ ला बेळगाव तालुक्यातल्या बडाल-अंकलगीत पावसाने भिजलेली घराची भिंत कोसळून एकाच कुटुंबातली सात माणसं गेली. त्यानंतर शहापुरातली ही गल्ली गप्प बसली नाही. एका वकिलांनी वेगळी वाट दाखवली: पालिकेकडे जातच राहा, पण तहसीलदारांकडेही जा. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३. एखादी इमारत पडून शेजाऱ्यांना किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांना इजा होईल अशी स्थिती असेल तर तहसीलदारांसारखे कार्यकारी दंडाधिकारी ती काढा, दुरुस्त करा किंवा तिला आधार द्या असा सशर्त आदेश देऊ शकतात. (१ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ झालं आहे.) या कलमाची गंमत अशी की त्याला मालकी कुणाची याच्याशी फारसं देणंघेणं नाही. ज्याच्या ताब्यात, ज्याच्या देखरेखीखाली वस्तू आहे त्यालाही आदेश देता येतो. म्हणजे किल्लीवाल्यालासुद्धा. भाडेकरूच्या मुलाला तहसीलदार कचेरीचं बोलावणं आलं तेव्हा ‘घर माझंच’ म्हणणारा गडी पहिल्यांदा म्हणाला, “मी नुसता भाडेकरू आहे हो.” तेवढं लेखी घेतलं गेलं. पुढे दाव्यात ते फार कामाला आलं.

जेसीबी आला त्या दिवशी

आदेश झाला आणि पालिकेने जेसीबी पाठवला. आणि जेसीबीच्या आडव्या कोण आलं? आक्का. ज्यांनी अर्जांवर अर्ज दिले त्याच आता पाडू नका म्हणून दारात उभ्या. बघ्यांना हे हास्यास्पद वाटलं. नव्हतं. सामाईक भिंतीला एका बाजूने तुळयांचा ताण आहे, तो तोडला की भिंत मोकळी होते आणि दुसऱ्या घरावर येते. जेसीबीचा दात एकदा भिंतीला लागला असता तर आक्कांचं माजघर संध्याकाळपर्यंत राहिलं नसतं. कनिष्ठ अभियंता समजूतदार निघाला. म्हणाला, पाडायला मला अर्धा तास लागतो, पण शेजारचं पडलं तर उत्तर कोण देणार?

एका जागेचा दुसऱ्या इमारतीला वीस वर्षं विनातक्रार आधार मिळत आला असेल तर तो आधार काढून घेता येत नाही, हे १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात आहेच. आक्कांना कलम माहीत नव्हतं, भिंत माहीत होती.

मग जे झालं ते खरं काम. जेसीबी परत गेला, गवंडी आणि सुतार आले. आधी कौलं उतरवली, रिपा-वासे काढले. सामाईक भिंतीला आतून तिरके धिरे दिले. तुळया ओढून काढल्या नाहीत. भिंतीपासून वीतभर अंतरावर करवतीने कापल्या आणि टोकं भिंतीतच राहू दिली. पुढची भिंत वरून खाली, हाताने, थराथराने उतरवली. भिंतीच्या माथ्यावर चुन्या-सिमेंटची टोपी केली, वर पत्रे बांधले. पिंपळ मुळासकट निघेना, म्हणून बुडख्याला औषध भरलं. आडावर जाळी बसवली. याला दिवस लागतात आणि पैसा लागतो, आणि धोकादायक घरासाठी पालिकेकडे असतो तो पाडण्याचा पैसा. सावरण्यासाठी वेगळी तरतूद कुणी दाखवू शकलं नाही. इथे निम्मा खर्च शेवटी गल्लीच्या मंडळाने उचलला.

सरकारी प्रयत्न म्हणून जे मोजायचं ते इथवर. धोका गेला. घर मात्र होतं तिथेच: आता भिंती आणि धिरे असलेला मोकळा प्लॉट, कागदावर अजून घर, मालक अजून १९६८ चे मयत.

सतरा नावं

यापुढचं सारं कागदांचं, आणि माझ्या मते प्रकरणाचा गाभा इथे आहे. सोडलेलं घर बेवारस असतं हा समज चुकीचा. वारस खरोखरच नसेल तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम २९ प्रमाणे मालमत्ता सरकारकडे जाते. ती सोपी केस. अवघड केस असते ती मालक जास्त झाल्याची. सतरांपैकी प्रत्येकाचा वाटा इतका लहान की त्यासाठी धावपळ कुणी करत नाही, आणि इतका मोठा की सोडतही कुणी नाही.

बेळगावात घराची नोंद तीन ठिकाणी नांदते. सिटी सर्व्हेत सीटीएस नंबरचा (नगर भूमापन क्रमांकाचा) उतारा, पालिकेत खातं म्हणजे घरपट्टीची नोंद, सबरजिस्ट्रारकडे दस्त. तिघांचं एकमेकांशी पटतंच असं नाही. इथे सीटीएस उताऱ्यावर मूळ मालक, पालिकेत मूळ मालक, आणि दस्त? शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. खरेदीपत्र त्या काळातलं, मोडी लिपीत, टिळकवाडीच्या घरी ट्रंकेत. कोल्हापूरच्या एका मोडी वाचकाकडून ते उतरवून घेतलं तेव्हा कळलं की घर मूळ मालकांनी स्वतःच्या पैशाने घेतलं होतं, वाडवडिलांकडून आलेलं नव्हतं.

ही किरकोळ बाब नाही. एका बहिणीचं निधन २००५ च्या वारसा दुरुस्तीच्या आधी झालेलं. सुप्रीम कोर्टाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने, वडील आधी वारले असले तरी मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, पण दुरुस्तीच्या वेळी हयात असलेल्या मुलीला. घर वडिलोपार्जित ठरलं असतं तर या बहिणीच्या मुलांच्या वाट्याला फार थोडं आलं असतं. स्वकष्टार्जित ठरल्यावर पाचही भावंडांचा पाचवा-पाचवा हिस्सा झाला. सांगलीच्या भाच्यांनी इतकी वर्षं कुठल्याच कागदावर सही का केली नाही, हे मामेभावांना तेव्हा उमगलं. त्यांना ‘नुसती सही द्या’ म्हणून हक्कसोड पत्र पाठवलं जात होतं.

नाडकचेरीतून (तहसीलच्या स्थानिक महसूल कार्यालयातून) वंशावळ, महाराष्ट्रातून आणलेले मृत्यूचे दाखले, पुण्याच्या मंडळींची पॉवर ऑफ अटर्नी, हा सगळा खटाटोप एकट्या टिळकवाडीच्या सुनेने केला. ती बँकेत नोकरीला. फाईल लावायची सवय होती. मग वाटणीचा दावा घातला. एवढ्या अरुंद घराचे पाच उभे तुकडे करून उपयोग नाही हे दिसतच होतं. त्यासाठी १८९३ चा वाटणी कायदा आहे, फारसा कुणाच्या लक्षात नसलेला: वाटप करणं शक्य किंवा शहाणपणाचं नसेल आणि निम्म्या किंवा जास्त हिश्श्याचे धनी मागणी करत असतील, तर कोर्ट विक्री करून पैसे वाटण्याचा आदेश देऊ शकतं. दुसऱ्या हिस्सेदाराला मूल्यांकनाच्या किमतीला तो हिस्सा घेण्याची संधीही मिळते. टिळकवाडी, पुणे आणि सांगली एकत्र आल्यावर तीन पंचमांश झाले. मुंबईच्या शाखेतला एक नातू सापडेना, तेव्हा मुंबईच्या मराठी पेपरात नोटीस देऊन बजावणी झाली; त्याच्या हिश्श्याचे पैसे कोर्टात जमा राहतील. भाडेकरूच्या मुलाने तहसीलदारांपुढचं आपलंच म्हणणं समोर आल्यावर ठरावीक रक्कम घेऊन शटर सोडायचं कबूल केलं.

बाहेर काय करतात

तुलना करताना जपून करावी, तरी थोडं सांगतो. मुंबईत १९६९ च्या कायद्याने जुन्या भाड्याच्या इमारतींकडून उपकर घेऊन दुरुस्तीचा भार सरकारी मंडळावर टाकला. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. पडझड तरी थांबली नाही, कारण भाडं गोठलेलं आणि मंडळाचा पैसा अपुरा. तो मार्ग बेळगावला परवडणारा नाही. इंग्लंडात रिकाम्या घरावर जादा कौन्सिल टॅक्स लावता येतो. दहा वर्षांहून जास्त रिकामं असेल तर मूळ कराच्या तीनशे टक्क्यांपर्यंत. इथे तो लावला तर भाडेकरूच्या मुलाने भरला नसता, थकबाकी झाली असती आणि घर निदान पालिकेच्या नजरेत आलं असतं. पण टिळकवाडीला नेलेल्या त्या विधवा म्हातारीलाच तो भरावा लागला असता, म्हणून मी त्याच्या बाजूने ठाम उभा राहत नाही.

मला पटतो तो अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानियाचा २००८ चा कायदा. सोडून दिलेल्या इमारतीसाठी जवळपास राहणारा माणूस किंवा सेवाभावी संस्था कोर्टात जाऊन तिच्यावर देखभालदार नेमून मागू शकते. देखभालदार दुरुस्ती करतो, खर्च घरावर चढतो, मालक शेवटपर्यंत न आल्यास विक्री. तिथेही बिल्डर लोक याचा गैरफायदा घेतात अशी ओरड झालीच. तरी शेजाऱ्याला पाडा म्हणण्यापलीकडे काही मागता येतं, हे महत्त्वाचं. आक्कांना पाडायचं नव्हतंच. त्यांना कौलं हवी होती, चारशे-पाचशे कौलं, २०१९ च्या आधी. ती परक्याच्या घरावर चढून बदलायची सरळ सोय इथल्या कायद्यात मला सापडली नाही.

आणि कायदा न बदलता करण्यासारखं एक आहे. ई-आस्ती या सरकारी संगणक प्रणालीत खाती चढवताना पालिका घरोघरची कागदपत्रं मागतेच आहे. मूळ खातेदार मयत असलेल्या घरांची वेगळी यादी त्याच वेळी करता येईल, आणि नोटीस खात्यावरच्या नावाबरोबर वंशावळीतल्या हयात माणसांना काढता येईल.

सध्या

प्राथमिक हुकूमनामा झाला, विक्रीचा आदेश झाला, कोर्ट कमिशनरचं मूल्यांकनही झालं. बाकीच्या हिस्सेदारांनी हिस्सा विकत घ्यायची संधी सोडली. घेणार आक्कांचा मुलगा. भिंतीच्या दोन्ही बाजू मग त्याच्याच होतील. त्याला बँकेचं कर्ज हवं, बँकेला ई-खातं हवं, आणि ई-खातं द्यायचं तर पालिकेला आधी थकबाकी हवी, ज्यात उतरवणीचा पालिकेने केलेला खर्च चढवलेला आहे. भाडेकरूच्या मुलाने घरपट्टी भरणं तहसीलदार कचेरीच्या बोलावण्यानंतर बंद केलं, त्यामुळे महिना दोन टक्के दंडही चालू आहे. हे पैसे विक्रीच्या रकमेतून वजा व्हावेत की सतरांनी आधी वर्गणी काढून भरावेत, यावर फॅमिली ग्रुपवर बोलणं चालू आहे. पुण्याच्या पुतण्याने अजून उत्तर दिलेलं नाही.